सातशे मिलीसेकंद

लकडगंज बाजारातली पंचवीस-तीस ठोक दुकानं माझ्या हाती आहेत, म्हणजे त्यांचे कॉम्प्युटर माझ्या हाती आहेत. दिवसाला दहा फोन येतात आणि त्यातल्या सातांचं म्हणणं एकच असतं, माऊस बिघडला, नाहीतर कीबोर्ड बिघडला. मी जातो, बघतो, तर काहीही बिघडलेलं नसतं. शेठजींचा अंगठाच स्पेसबारवर टेकलेला असतो. नाचता येईना, अंगण वाकडं. हे मी तोंडावर म्हणतो, म्हणून लोक मला कामाचा पण तोंडानं फाटका समजतात. समजोत. माझा विश्वास माणसांपेक्षा मशीनवर जास्त होता. होता, असंच आता म्हणायला हवं.

बाबांना जाऊन पंचवीस दिवस झाले होते. जलदान विधी आटोपला, चंद्रपूरचे पाहुणे परत गेले, आणि नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरात बाबांची खाट उभी करून भिंतीला लावलेली होती. त्यांचा कॉम्प्युटर मात्र टेबलावर तसाच होता. रविवारी सकाळी आई ओल्या फडक्यानं कीबोर्ड पुसत होती.

"विहारातल्या अभ्यासिकेले देऊन टाकू हे," ती म्हणाली. "तुह्या बाबाच्या नावानं. पण आधी साधं कर गा त्याले. नाहीतर पोट्टे म्हणतीन, हे कायचं डबडं देलं सिंधूताईनं."

"पाणी नको लावू त्याले, आई."

"काहून? आता कोण बोलणार हाये त्यातून?"

गेले पंचवीस दिवस ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होती. कुणी विचारो न विचारो, चहाचा कप हातात देता देता सांगायची, "माह्यावर रागावूनच गेले ते. शेवटचे अकरा दिवस बोलले नाही माह्यासंग." लोक म्हणायचे, असं कसं होईल, आजारी माणूस तो. आई मान हलवायची. तिचं आत ठरून गेलं होतं. तिनं त्यांच्या मनाविरुद्ध एक गोष्ट केली होती आणि त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता. तो सुटायच्या आत माणूस गेला. आता ही गाठ कोण सोडवणार?

बाबा, म्हणजे देवराव, खापरखेड्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं कंट्रोल रूमला ऑपरेटर होते. माझं लहानपण तिथल्या कॉलनीत गेलं. त्यांना दोन सवयी होत्या. एक, काहीही बदल केला की वहीत तारीख, वेळ आणि कारण लिहायचं. "तोंडी सांगतलेलं वाऱ्यावर जाते," म्हणायचे. मला सायकल घेतली तेव्हा सीट किती बोटं खाली केली हेसुद्धा त्यांनी लिहून ठेवलं होतं. आणि दुसरी, मशीनवर लगेच विश्वास ठेवायचा नाही. "काटा शून्यावर गेला तर आधी काट्याले विचार, बॉयलरले मंग. नवशिके बॉयलरकडं धावतेत." हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. ऐकलं म्हणजे कानावरून गेलं.

आईला ते नावानं कधी हाक मारत नसत. नुसतं "वं" म्हणायचे. वं, पाणी दे. वं, चष्मा कुठं ठेवला? आणि आई घरात कुठंही असो, तिथूनच म्हणायची, "आली." मग ती यायला दहा मिनिटं लागली तरी चालायचं, पण "आली" लगेच यायचं.

दोन वर्षांपूर्वी एके दिवशी बाबा म्हणाले, "प्रेम, तुहा माऊस बिघडला गा. दोनदा दाबतो तरी फाइल उघडत नाही."

मी बघितलं. माऊस ठणठणीत होता. मी हसून म्हणालो, "बाबा, नाचता येईना, अंगण वाकडं."

तेही हसले. नंतर कळलं की त्यांचं बोट दुसऱ्यांदा वेळेवर खाली येत नव्हतं. पुढं हातातून चहाचा कप सुटला, मग जीभ जड झाली, आणि डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते आम्ही घरी कधी उच्चारलं नाही. स्नायूंकडं जाणाऱ्या नसा एकेक करून मरतात, डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं, एवढं त्यांनी समजावलं. आठ महिन्यांत बाबांचा आवाज गेला. डोळ्यांच्या खुणा करून पाहिल्या, एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. पण त्यांच्या डोळ्यांना सारखं पाणी यायचं आणि पापण्या फडफडायच्या. आई वैतागायची, "मले या मिचमिचीतलं काही समजत नाही. तुमी लिवूनच सांगा." म्हणून मग कीबोर्ड.

त्यांच्या मशीनवर मी विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं, कारण त्यात माऊस आणि कीबोर्डाच्या ड्रायव्हरला, म्हणजे ते चालवणाऱ्या प्रोग्रामला, पाहिजे तसं वाकवता येतं. बोट कळीवर किती वेळ राहिलं म्हणजे अक्षर उमटायचं, पॉइंटर किती हळू चालायचा, सगळं एका फाइलीत लिहायचं असतं. ज्या ओळीपुढं खास खूण करतो ती ओळ मशीन वाचत नाही, ती माणसांसाठी असते. तिथं मी बाबांच्याच सवयीनं नोंदी करत गेलो. सुरुवातीला मला त्याचा अभिमान वाटायचा. प्रीती, माझी बायको, एकदा म्हणाली होती की तुम्ही बाबांवर जेवढी माया करता ती सगळी त्या फाइलीतच करता. खरं होतं. अंगावर हात फिरवणं आमच्या दोघांच्या स्वभावात नव्हतं.

तर त्या रविवारी, साधं करण्यासाठी, मी ती फाइल उघडली.

१२ जानेवारी. डबल क्लिकला जास्त वेळ दिला. बाबांचं बोट उशिरा पोचतं.
३ मार्च. माऊस काढला, गोळ्याचा ट्रॅकबॉल लावला. पॉइंटरचा वेग निम्मा.
२२ एप्रिल. कळ धरून राहिली तरी अक्षर एकदाच यावं. रिपीट बंद.
९ जून. एका वेळी दोन कळा दाबता येत नाहीत. शिफ्ट आधी दाबून सोडली तरी चालेल असं केलं.
३० जून. हात कळांवर पडून राहतो. ३०० मिलीसेकंद दाबल्याशिवाय अक्षर घेऊ नये.
५ ऑगस्ट. ७०० केलं. कचरा बंद.

शेवटच्या दोन शब्दांवर माझी नजर थांबली. तो दिवस मला आठवत होता.

जुलैत बाबांचा श्वास अडकला. त्याच्या कितीतरी आधी त्यांनी स्क्रीनवर लिहून ठेवलं होतं, "गळ्यात नळी नको." पण दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी आईकडं पाहिलं आणि आई म्हणाली, "टाका." तिला दुसरं काय म्हणता येणार होतं? तेरा दिवसांनी बाबा नळी घेऊन घरी आले. मी त्यांच्या हाताखाली कीबोर्ड सरकवला. सुजलेला हात कळांवर आडवा पडला, तिथंच पुन्हा पुन्हा उठत-पडत राहिला आणि स्क्रीनवर ममममम, ससससस, पानभर. आई रडायला लागली. मी दोन रात्री दवाखान्यात जागलेलो होतो, डोकं फिरलेलं होतं. मी मर्यादा सातशेवर नेली, म्हणजे जवळपास पाऊण सेकंद कळ धरली तरच अक्षर उमटेल, आणि बाबांना म्हणालो, "आता नीट दाबून लिवा, बाबा. असं कायबाय नका टाकू."

त्यानंतर स्क्रीन कोरी राहिली. अकरा दिवस कोरी. सकाळी प्रीती शाळेत शिकवायला जायची, मी लकडगंजात. दिवसभर आई आणि बाबा. संध्याकाळी येऊन बघायचो तर एक अक्षर नाही. आई म्हणायची, "पाह्य. माह्याकडं पाह्यतबी नाहीत. डोळे सारखे त्या बोर्डावर." मीही धरून चाललो की बाबा रागावले. एकदा तर मी त्यांना म्हणालो, "किती दिवस चालवणार हे? तिनं तुमच्यासाठीच केलं ना?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग कीबोर्डाकडं पाहिलं. मी दिवा मालवून निघून गेलो.

फाइलीतल्या ओळी एकेक खोडत मी खाली आलो आणि तिथं एक ओळ दिसली जी मी पार विसरलो होतो. जूनमध्ये, किती मिलीसेकंद ठेवावेत याचा अंदाज घ्यायला, मी एक छोटा प्रोग्राम चालू करून ठेवला होता. बोट कुठल्या कळीवर कधी पडलं आणि कधी उठलं, त्याची तो नोंद करत राहतो. बंद करायचं राहून गेलं होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. कीबोर्डावर काहीही दाबलं तरी ते आधी ड्रायव्हरला कळतंच. सातशेची मर्यादा त्याच्यापुढं बसते, चहाच्या गाळणीसारखी. स्क्रीनवर काय जायचं ते ती ठरवते. माझा नोंदणारा प्रोग्राम गाळणीच्या आधी बसलेला होता.

मी ती नोंद उघडली. मला वाटलं होतं ५ ऑगस्टनंतर ती रिकामी असेल. ती संपता संपेना.

एकेक दाब. एकशे वीस मिलीसेकंद, नव्वद, एकशे चाळीस. एकही सातशेच्या जवळपास नाही. आडव्या पडलेल्या हाताचा गोंधळ पहिल्याच दिवशी थांबला होता, दुसऱ्या दिवसापासून एकच बोट होतं, एका वेळी एकच कळ, आणि दोन कळांमध्ये कधी वीस सेकंद तर कधी मिनिटभर. तो कचरा नव्हता. बाबा लिहीत होते. अकरा दिवस, सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत. त्यांच्या बोटात कळ दाबण्याचं बळ उरलं होतं, धरून ठेवण्याचं नव्हतं, आणि मी त्यांना सांगून गेलो होतो की नीट दाबा. यावेळी अंगणच वाकडं होतं आणि ते मीच वाकडं केलं होतं. काट्याला विचारायचं सोडून मी बॉयलरवर ओरडलो होतो.

नोंदीत कळांची इंग्रजी नावं असतात. मराठी अक्षरं मी मनात लावत गेलो. पहिली ओळ दुसऱ्याच दिवशीची, सकाळी नऊ वाजून आठ मिनिटं, म्हणजे मी चपला घालत असतानाची. "प्रेम बोर्ड पाय." प्रेम, बोर्ड बघ. तिसऱ्या दिवशी नऊ वाजून पाच. "प्रेम बोर्ड पाय." रोज, मी निघायच्या वेळेला. मला त्यांची बोटं हललेली दिसायची आणि मी म्हणायचो, "येतो, बाबा."

मी टेबलावर डोकं टेकवलं. आईचा हात पाठीवर आला.

"काय झालं गा? करंट लागला काय?"

मी तिला सगळं सांगितलं. बाबा रागावले नव्हते, ते बोलत होते, मीच त्यांचं तोंड बंद केलं होतं. ती चिडेल, मला दोन शब्द बोलेल असं वाटलं होतं, आणि ते मला हवंही होतं. पण तिनं खुर्ची ओढली आणि माझ्या बाजूला बसली.

"यात वेळ हाये काय? कधी काय लिवलं त्याची?"

"हाये. सेकंदापर्यंत."

"मंगळवारी पाह्य," ती म्हणाली. "नळी घेऊन घरी आले त्याच्या पुढचा पहिला. दुपारी जेवण झाल्यावर मी त्यायले विचारलं होतं, माह्यावर रागावले काय म्हणून. दोन वाजता. रेडिओवर बातम्या लागून राहिल्या होत्या."

मी शोधलं. मंगळवार, दोन वाजून तीन मिनिटं. व्ही. मग पंचवीस सेकंद काही नाही. ई. यू. आर.

"काय व्हते ते?"

"न," मी म्हणालो. "काना. ह. दुसरी वेलांटी."

तिनं ते ओठातल्या ओठात जुळवलं. "नाही," ती म्हणाली. मग मोठ्यानं, बहिऱ्याला सांगावं तसं, "नाही म्हणाले! नाही म्हणाले ते!"

पदर तोंडाला लावून ती रडली. पंचवीस दिवसांत अशी रडली नव्हती. पाहुण्यांसमोर रडणं वेगळं असतं. मग तिनं डोळे पुसले आणि एकेक दिवस मागायला सुरुवात केली. तिला सगळं आठवत होतं, कुठल्या दिवशी काय बोलली, काय विचारलं. बुधवारी ती म्हणाली होती की पंख्याचा वेग कमी करू का? उत्तर होतं, "राहू दे." गुरुवारी चंद्रपूरच्या भाचीच्या, मिनलच्या लग्नाची पत्रिका आली होती, ती तिनं वाचून दाखवली होती. उत्तर होतं, "तू जा." शुक्रवारी तिनं पुन्हा विचारलं होतं की नळी टाकली म्हणून राग आला का. "नाही," आणि सात मिनिटांनी, "तुले पाहू शकलो." आई आता हसत होती, रडत होती, मध्येच मला म्हणत होती, "मंग? पुढं? पुढं वाच नं."

असं करत आम्ही शेवटच्या दिवसावर आलो.

तो दिवस मी आधी डोळ्यांनी वाचला. सकाळी माझ्यासाठी तीच ओळ. मग दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी दोन कळा, बी आणि एक्स. थोड्या वेळानं परत, बी, एक्स. परत. दाब कमी होत गेलेले, साठ, पन्नास, चाळीस मिलीसेकंद. शेवटचा पावणेपाचला. मी मोजलं. एकोणीस वेळा. व आणि अनुस्वार.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले होते.

"त्या दिवशी काही नाही," मी म्हणालो आणि स्क्रीनवरची नोंद बंद केली. "हात टेकूनच होता नुसता."

आई माझ्याकडं बघत राहिली. "खोटं नको बोलू," ती म्हणाली. "मी रागात व्हती त्या दिवशी. तुमी नाही बोलत त मीबी नाही बोलत, असं म्हणली अन् आत जाऊन बसली, अंबाडीची भाजी निवडत. टकटक ऐकू येऊन राहिली होती मले, प्रेम. दोन टकटक, मंग चूप. दोन टकटक, मंग चूप. म्हटलं, बोट उडत असन. स्क्रीनवर त काहीच येत नाही. काय व्हतं ते?"

मी ट्रॅकबॉलवरचा हात काढून घेतला.

"वाच, बेटा. मले माईत असू दे."

मी परत उघडलं. "वं," मी म्हणालो.

तिचा चेहरा मी बघू शकलो नाही, मी स्क्रीनकडंच बघत होतो. स्वयंपाकघर आणि बाबांची खाट यांच्यात सात पावलांचं अंतर आहे. घरातलं माप आम्हाला पाठ असतं.

"कशाले बोलावत असतीन गा?" तिनं विचारलं.

ते नोंदीत नव्हतं. तसं मी तिला सांगितलं.

"कितीदा?"

"एकोणीस."

ती खुर्चीतून उठली, भिंतीला लावलेली खाट जिथं असायची त्या जागेकडं तोंड करून उभी राहिली आणि पदर नीट केला.

"एकेक वाच," ती म्हणाली. "घाई नको करू."

मी वाचलं, "वं."

"आली," आई म्हणाली.

"वं."

"आली."

मी एकोणीस वेळा वाचलं आणि तिनं एकोणीस वेळा उत्तर दिलं, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. त्यानंतर मी मर्यादा सातशेवरून शून्यावर आणली, तारीख टाकली, वेळ टाकली. कारणाच्या जागी काय लिहावं ते मला सुचलं नाही.